एक मतदार आणि बुडालेलं बिस्किट

उज्वलाच्या डोहाळजेवणाच्या दिवशी मखमलाबादच्या उगलमुगल्यांच्या बंगल्यात जी पळापळ झाली, तिला एक बिबट्या जबाबदार होता, असं कुसाबाई आजही शपथेवर सांगते. बिबट्या आत्ताचा नव्हे. पुंजाबाबांच्या काळचा.

पुंजाबाबा म्हणजे कुसाबाईचे आजोबा. पहाटे शेतात पाण्याचं दारं धरायला चालले होते, तर बांधावर बिबट्या आडवा बसलेला. बाबांना शिवी येत नव्हती आणि पळायला पायात जोर नव्हता. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "अहो, जरा सरकता का? पाणी वाया चाललंय." बिबट्या सरकला. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो नुसता सरकला होता. परवा ऐकली तेव्हा मादी होती, सोबत बछडी होती, आणि त्यातल्या धाकट्यानं जाता जाता नमस्कार केला. खोटं म्हणायचं असेल त्यानं बिबट्या घेऊन यावं.

तेव्हापासून उगलमुगल्यांच्या घरात लेकरंबाळं सोडून सगळ्यांना अहो म्हणतात. गवळ्याला अहो, कुत्र्याला अहो. कुसाबाईच्या भाच्याची, संतोषची गाडी एकदा हायवेला टेम्पोवाल्यानं घासली, तर हा खाली उतरून ओरडला, "अहो, आपण आंधळे आहात का?" टेम्पोवाला भांडायचं विसरला. एवढ्या अहो-जाहोतून एक माणूस सुटलं होतं, पण ते त्या दिवसापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तर सकाळी अंगणात झोपाळ्याला झेंडू बांधणं चाललं होतं आणि रोहित शिडीवर होता. आज त्याच्याच बायकोचे लाड व्हायचे होते, म्हणून तो खुशीत होता. खिशातला फोन वाजला, त्यानं एका हातानं पाहिलं, आणि झेंडूची अख्खी माळ खाली बसलेल्या कुसाबाईच्या डोक्यावर पडली.

"अरे, माझं डोहाळजेवण हाय का?" कुसाबाई म्हणाली.

रोहित शिडीवरून उतरला नाही, त्यानं उडी मारली. दिवाणखान्यात संतोष आरशासमोर नवं जाकीट घालून बघत होता.

"पप्पा, 'ओट्या'वर परत आलंय. एक मतदार."

आता ओटा म्हणजे घराचा नव्हे. संतोषचा मोठा भाऊ हिरामण शेजारच्याच बंगल्यात राहतो, त्याची मुलगी पूजा. तिनं आपल्या ब्लॉगला ते नाव ठेवलंय. लोक ओट्यावर बसून जसं बोलतात तसं तिथं लिहायचं. वर मोठ्या अक्षरांत तिनं 'बिबट्याचा नियम' टाकलाय: 'ज्याच्याबद्दल बोलता त्याचं नाव घ्या. खाली आपलं नाव लिहा. अहो म्हणा. मग फाडून खाल्लंत तरी चालेल.'

आणि परवा तिनं स्वतःच्या काकालाच खायला घेतलं होतं.

झालं होतं असं. संतोषनं महापालिकेच्या निवडणुकीसाठी वर्षानुवर्षं प्रभाग बांधला होता. कुणाच्या बारशाला गेला नाही असं पोर नाही आणि कुणाच्या दहाव्याला गेला नाही असा म्हातारा नाही. सोडत निघाली आणि प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. दोन दिवस संतोष जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं की आपल्याला बायको आहे. मग मखमलाबाद नाक्यावर फ्लेक्स लागला, 'सौ. लताबाई संतोष उगलमुगले', आणि त्यावर पूजानं लिहिलं:

'संतोषकाका, आपण माझे लाडके काका आहात, तरीही विचारते. उमेदवार काकू आहेत, मग फ्लेक्सवर आपला फोटो पिंपाएवढा आणि काकूंचा बुचाएवढा का? निवडून कुणाला द्यायचं, पिंपाला की बुचाला? आपली पुतणी, पूजा हिरामण उगलमुगले.'

हे अख्ख्या नाशकात फिरलं. पेठ रोडच्या एका चहावाल्यानं पिंप आणि बूच असं चित्र काढून टपरीला लावलं. आणि आज, डोहाळजेवणाच्याच दिवशी, पक्षाचे निरीक्षक साहेब जेवायला यायचे होते आणि जेवण आवडलं तर उमेदवारीचा एबी फॉर्म देऊन जायचे होते. फोनवर त्यांनी एकच विचारलं होतं, "घरात एकोपा आहे ना हो? ज्या घरात कुरबुर, तिथं फॉर्म नाही."

संतोष म्हणाला होता, "साहेब, आमच्या घरात कुत्रं पण भुंकण्याआधी विचारतं."

त्यानं फोन हातात घेतला, दोन ओळी वाचल्या आणि जाकीट काढून फेकलं.

"पूजाला बोलवा. आत्ता. आणि दादालाही."

*

हिरामण आला तो चष्मा पुसतच. मागून पूजा आली. तिच्या हातात फुलांचे दागिने होते, उज्वलासाठी रात्रभर खपून केलेली फुलांची वाडी. उज्वला तिची वहिनी नंतर झाली, आधी शाळेपासूनची मैत्रीण.

"वाचा," संतोष म्हणाला. "दादा, तुम्हीच वाचा. तुमच्या लेकीच्या ओट्यावर काय सांडलंय ते."

हिरामणनं घसा खाकरला. त्याचा आवाज आकाशवाणीला शोभला असता, हे त्याला तरुणपणी कुणीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून तो काहीही वाचायची संधी सोडत नाही.

"'पूजाताई, आपण फारच सौम्य लिहिलंत. यांना फोटो मोठा लागतो, कारण अंगणवाडीचं छप्पर लहान आहे. छप्पर कसलं, नाहीच. हे दोन वेळा नारळ फोडून आले, नारळाची बर्फी झाली, छप्पर झालं नाही. हे कार्यकर्त्यांना सांगतात, बाईला काय कळतंय, ती सही करील. यांना एकदा विचारा की...' वा, भाषा शुद्ध आहे हं!"

"दादा!"

"वाचतो ना. 'यांना एकदा विचारा की सही करणारीनं कागद वाचला तर चालेल का? हे स्वभावानं वाईट नाहीत. पण यांचं काहीच चुकत नाही. हे सकाळी चहात बिस्किट बुडवून फोनवर बोलत बसतात आणि बिस्किट बुडालं की म्हणतात, चहा पातळ झालाय. प्रभागातही तेच चाललंय. आपला, एक मतदार.'"

कुसाबाईला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू पोटातून येत होतं, त्याला पदर काय करणार.

"हे काढ," संतोष पूजाला म्हणाला. "आणि तुझं ते पिंप-बूच पण काढ. निरीक्षक यायच्या आत अख्खा ओटा बंद पाहिजे मला."

"काका, या मतदाराचं मी काढणारच आहे. म्हणजे, दुपारची पंगत बसेपर्यंत त्यांनी नाव टाकलं नाही तर. तसं मी खाली लिहिलंय, बघा. 'आपलं म्हणणं पटतं, पण निनावी ठेवता येत नाही.' नियम म्हणजे नियम. पण माझं मी काढणार नाही. मी नाव घेऊन लिहिलंय, नाव घालून लिहिलंय, आणि अहो म्हटलंय."

"अहो म्हणून तोंडात मारलीस!"

"मग काय अरे म्हणून मारायला हवी होती?"

"पूजा," हिरामण म्हणाला, "काकाशी बोलतेयस. काढून टाक बाळा. आज कार्य आहे घरात."

संतोषला बरं वाटलं. दादा आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर त्याचा आवाज मोठा झाला. "घरातलं घरात बोलायचं असतं. एवढं साधं कळत नाही?"

"फ्लेक्स घरात लावलाय का काका? तो नाक्यावर लावलाय. आणि घरात बोलले होते मी. गौरी-गणपतीत बोलले होते. तुम्ही म्हणालात, मोदक खा."

"मग? खाल्लास ना?"

"पाच खाल्ले! तरी प्रश्न तसाच राहिला."

रोहित फिस्सकन हसला आणि बापाची नजर पाहून त्यानं हसू खोकल्यात बदललं.

"ऐक," संतोष एकदम हळू बोलायला लागला. तो ओरडतो तेव्हा घरातलं कुणी घाबरत नाही, हळू बोलतो तेव्हा घाबरतात. "ओटा बंद करणार नसशील, तर आज उज्वलाची ओटी भरायला तू थांबू नकोस. काकाला चारचौघांत उघडं पाडणारी पुतणी मला मांडवात नको."

पूजाच्या हातातल्या फुलांच्या वाडीची दोन फुलं गळून पडली. आतल्या खोलीच्या दारात उज्वला येऊन उभी होती, हिरवी साडी अर्धीच नेसलेली. "पूजा नसेल तर मी झोपाळ्यावर बसणार नाही," ती म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको," रोहित म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस रे?"

रोहितला ते त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं. सकाळपर्यंत तो बापाच्या बाजूनं होता. आता बायकोचे डोळे पाहून त्याला वाटलं, बाजू बदलायला ही वेळ वाईट नाही.

"पप्पा, एक सांगू?" तो म्हणाला. "पूजानं बाकीचं किती काढलंय ते विचारलंत का? परवा रात्री लोकांनी तुम्हाला काय काय लिहिलं होतं... मी वाचलं होतं. सकाळी उठून पाहिलं तर गायब."

"काय लिहिलं होतं?"

रोहितनं हिरामणकडे पाहिलं. पूजा म्हणाली, "आजीवरून लिहिलं होतं काका. तुमच्या आईवरून. मी जागी राहून एकेक काढलं. तुमच्यावर टीका करायला माझा ओटा मोकळा आहे. तुमचा अपमान करायला नाही. दोन्हीत फरक आहे, आणि तो ठेवायचा तर मला तिथं बसून राहावं लागतं. ओटा बंद केला तर ते लोक काय बंद होणार आहेत? ते दुसऱ्याच्या ओट्यावर जातील, आणि तिथं झाडू मारणारं कुणी नसेल."

हिरामणनं चष्मा काढला. आईवरून म्हणजे त्याच्याही आईवरून. तो उठला आणि लेकीशेजारी जाऊन उभा राहिला. उगलमुगल्यांच्या घरात कोण कुणाशेजारी उभं आहे यावरून वाटण्या झालेल्या आहेत, त्यामुळे सगळ्यांना कळलं.

 संतोषला मग सोपा रस्ता दिसला. "हे निनावीचं काम त्या काळूचं आहे," तो म्हणाला. काळू म्हणजे पलीकडच्या पॅनेलचा कार्यकर्ता. "माझ्यावर पाळत ठेवून आहे तो."

"काळू?" कुसाबाई म्हणाली. "काळूला अहो म्हनता येतंय का? तो सोताच्या बापाला ए म्हनतो."

"मग कोण?"

"बिस्किट कुठं बुडवतोस तू?"

 अंगणातला लाऊडस्पीकरवाला 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणत होता तेवढंच ऐकू येत होतं.

संतोष बिस्किट बुडवायचा ते मागच्या पडवीत, पायजमा-बनियनवर. तिथवर काळू काय, कार्यकर्तासुद्धा पोचत नाही. संतोषनं एकेकाकडे पाहिलं. हिरामणकडे पाहिलं, शुद्ध भाषा. रोहितकडे पाहिलं, आताच उलटला. उज्वलाकडे पाहिलं, शिकलेली आहे. कुसाबाईकडेही पाहिलं.

"मला लिवता येत असतं तर," कुसाबाई म्हणाली, "एवढ्यावर थांबले असते का रे?"

"म्हणजे घरभेदी आहे," संतोष म्हणाला. तो खुर्चीत बसला आणि त्याचा चेहरा इतका पडला की पूजालाच वाईट वाटलं. ती पुन्हा फोनमध्ये ते सगळं वाचायला लागली. यांना. हे. यांचं. पुन्हा हे. केवढं लांबलचक लिहिलंय, तिला वाटलं, आणि नाव एकदाही नाही. बिबट्याचा पहिलाच नियम, ज्याच्याबद्दल बोलता त्याचं नाव घ्या. लिहिणाऱ्यानं स्वतःचं लपवलं ते ठीक, पण काकांचं का लपवलं? संतोष हे नाव तर सगळ्या नाशिकला माहीत आहे. हे नाव न घेणारं नाशकात आहे तरी कोण?

तिच्या अंगावर काटा आला. मग हसू आलं. मग ती फुलं तिथंच ठेवून स्वयंपाकघराकडे पळाली.

*

लताबाई करंज्या तळत होती. माहेरची लासलगावची. वडील कांद्याच्या लिलावात बोली पुकारायचे, त्यांचा आवाज रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत जायचा. तोच आवाज लेकीला आला. एरवी ती 'मीठ दे गं' म्हणाली तरी शेजारच्या बंगल्यातलं कुणीतरी मीठ घेऊन येतं. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली होती, हे घरात सगळे विसरले होते. संतोष तर लग्नातच विसरला होता.

"काकू," पूजा दार लोटून घेत म्हणाली. "पंगत बसायला अजून वेळ आहे."

"हो की. निरीक्षक यायचेत." लताबाईनं करंजी उलटवली. "तू रडलीस का?"

"नाही. काकू, त्या मतदारांनी सगळे नियम पाळले. अहो म्हटलं, शिवी नाही, खोटं नाही. पण एक नाव घेतलं नाही आणि एक नाव घातलं नाही."

लताबाईचा झारा कढईवर थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"कसं घेणार बाई," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज शेजारच्या खोलीतही गेला नसता. "शेंगा निवडायच्या निमित्तानं बसून टाईप केलं सगळं. यांना वाटलं, मी रेसिपी बघतेय. अंगणवाडीचं लिहिलं, सहीचं लिहिलं, भराभर. आणि नाव आलं तिथं बोट अडलं. 'संतो' लिहिलं आणि फोन तव्यासारखा तापला. खरंच सांगते! पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच. लग्न होऊन आल्यापासून उखाण्याशिवाय मी यांचं नाव घेतलेलं नाही. बँकेत विचारतात ना, पतीचं नाव, तर मी आधार कार्ड पुढे करते."

पूजाला हसावं की तिच्या गळ्यात पडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. "मग कशाला लिहिलंत?"

"कार्यकर्त्यांना चहा द्यायला गेले होते. हे म्हणत होते, ती सही करील. सगळे हसले. मी चहा ठेवला आणि मीही हसले." तिनं गॅस बारीक केला. "नंतर दिवसभर मला त्या हसण्याचा राग येत होता. यांच्या नाही गं, माझ्या."

"काकू, मी पंगतीच्या वेळी ते काढणार. तुमचं असलं तरी. काका म्हणतात तसा ओटा बंद करणार नाही, पण निनावी ठेवणार नाही. आपला माणूस म्हणून नियम वाकवला, तर उद्या काळूसाठीही वाकवावा लागेल."

"काढच," लताबाई म्हणाली. "अगदी काढ. पण पंगत बसेपर्यंत वेळ दिलायस ना त्या मतदाराला?"

"दिलाय."

"मग आत्तापासून घाई कशाला करतेस? ती ओल्या नारळाची परात इकडे सरकव."

*

निरीक्षक साहेब आले ते पांढऱ्या गाडीतून आणि उतरले ते थेट बायकांच्या घोळक्यात. पुरुषांच्या बैठकीकडे न्यायला संतोष धावला, पण तोवर साहेब झोपाळ्यासमोरच्या खुर्चीत बसून मोकळे झाले होते. समोर उज्वला, अंगभर फुलांची वाडी. ती वाडी पूजानं बांधली होती आणि पूजा तिथंच उभी होती, कारण उज्वलानं तिचा हात सोडलाच नव्हता. निरीक्षकांसमोर तिला हाकलणं संतोषला शक्य नव्हतं.

"छान," साहेब म्हणाले. "छान एकोपा आहे." मग त्यांनी फोन काढला. "गाडीत येता येता हे वाचत होतो. संतोषराव, हा एक मतदार कोण?"

संतोष घाईनं पुढे झाला. "साहेब, विरोधकांचा..."

"विरोधक चहाला येतात का तुमच्याकडे पहाटे?" साहेबांनी खिशातून एक लिफाफा काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि पुन्हा खिशात घातला. "फॉर्म आणलाय मी. पण घरातलाच माणूस लपून लिहीत असेल, तर उद्या प्रचारात काय करेल? आधी हे निस्तरा. मग जेवू, मग फॉर्म."

आत पानं मांडून झाली होती. पंगतीची हाक यायची तेवढी बाकी होती. पूजानं फोन हातात घेतला. अंगठा काढून टाकायच्या बटणाजवळ नेला. आणि नेमकी तेव्हा कुसाबाई उठली. तिला स्वयंपाकघरात काय झालं होतं ते माहीत होतं का? मी विचारलं तर म्हणते, बिबट्यानं सांगितलं.

"जेवनाआधी नाव घ्यायचं राह्यलंय!" ती ओरडली. "पोरीनं घेतलं. आता व्हनाऱ्या आजीनं घ्यावं. लता, ये पुढं."

"आत्या, आता नको," संतोष म्हणाला.

"तुला कोन इचारतंय? ये गं."

लताबाई पुढे आली. पदर खोचलेला, हाताला करंजीचं पीठ. लाऊडस्पीकरवाल्यानं माइक पुढे केला. तिनं तो हातानं बाजूला सारला. लासलगावच्या लिलावाला कधी माइक लागला नव्हता.

"बिस्किट बुडालं चहात, खापर फुटलं कपावर,
उमेदवार मी आणि फोटो यांचा फ्लेक्सभर,
निनावी लिहिलं ओट्यावर, आता सांगते चारचौघांत,
संतोषरावांचं नाव घेते, फॉर्म द्या माझ्या हातात!"

हा आवाज गंगापूर धरणापर्यंत गेला आणि तिथं बगळे उडाले, असं म्हणतात. मी बगळे पाहिले नाहीत. पण अंगणात बायकांचा असा कल्ला झाला की झोपाळा आपोआप हलायला लागला. कुणी शिट्टी मारली. ती उज्वलानं मारली होती.

साहेब हसले नाहीत. ते पुढे वाकले. "वहिनी, निनावी का लिहिलंत?"

"नाव घ्यायला जमत नव्हतं. आता जमलं."

"निवडून आलात तर सभागृहात असंच बोलाल?"

"नाव घेऊन बोलेन."

"आमच्याबद्दल? पक्षाबद्दल?"

"अहो म्हणून," लताबाई म्हणाली. "पण बोलेन."

साहेबांनी लिफाफा काढला. खरं सांगायचं तर तो सवयीनं संतोषकडे वळला होता. हात तिकडेच जातो, त्याला साहेब तरी काय करणार? संतोष साहेब आणि बायको यांच्या बरोबर मध्ये उभा होता. त्याच्या डोक्यात त्या वेळी बारशी होती, दहावे होते, पावसात उभं राहून केलेली गटारीची पाहणी होती, आणि बायकोच्या हाताला लागलेलं पीठ होतं. हे पीठ आपण किती वर्षं बघतोय, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं हात मागे घेतला आणि एक पाऊल बाजूला झाला.

"सरकला बाई," कुसाबाई शेजारणीला म्हणाली. "अगदी तसाच सरकला."

लताबाईनं पिठाच्या हातानं लिफाफा घेतला, दुसऱ्या हातानं कमरेचा फोन काढून अंगठा चालवला. आतून हाक आली, "पानं वाढलीत, चला!" आणि त्याच वेळी पूजाचा फोन वाजला. 'एक मतदार' पुसून तिथं नवं नाव आलं होतं: 'सौ. लताबाई संतोष उगलमुगले'. पूजानं अंगठा मागे घेतला.

पंगतीत संतोषनं पुरणपोळीला हात लावला नाही. डाव्या हातानं ताटाच्या आडून फोनवर काहीतरी करत होता. रोहितला वाटलं, पप्पा फ्लेक्सवाल्याला शिव्या देतायत. हिरामणला वाटलं, भाऊ रडतोय. लताबाई तूप वाढत त्याच्या पानापाशी आली, तेव्हा त्यानं फोन पालथा ठेवला.

तूप वाढून ती पुढे गेली आणि तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिनं तुपाचं भांडं उज्वलाकडे दिलं आणि भिंतीला टेकून वाचलं. लग्नापासून ती त्या घरात 'अगं' होती.

'अहो लताबाई, आपण लिहिलेलं मला अजिबात पटलेलं नाही. छपराचं काम मंजुरीत अडकलेलं आहे, कागद दाखवीन. आपण वाचून घ्यावा. फोटोचं बघतो. आणि चहा पातळच असतो. आपला, संतोष उगलमुगले.'